कुंज कोणी बांधला, कोणासाठी?

मराठीत आपण ज्या पाखराला सुगरण म्हणतो, तिचा तो सुरेख झुलता खोपा ती विणत नाही. तो विणतो तिचा नर. बहिणाबाईंच्या कवितेमुळे घराघरात पोचलेली ही सुगरण आपल्या मनात पक्की गृहिणी होऊन बसली आहे, कारण शब्दच मुळी स्त्रीलिंगी. १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सालिम अली यांनी या पाखरांवर दिवसचे दिवस नजर ठेवली, तेव्हा निराळेच चित्र दिसले. नर अर्धा खोपा विणून ठेवतो, माद्या येऊन पाहणी करतात, पसंत पडला तर मादी आत राहते, नाही पडला तर निघून जाते. पसंती मिळाल्यावर नर उरलेला खोपा पुरा करतो आणि दुसऱ्या मादीसाठी दुसरा विणायला घेतो. म्हणजे विणकाम नराचे आणि परीक्षा मादीची. भाषेने त्या नराचे श्रेय काढून घेतले, पण निदान मादीला कर्तृत्ववान ठरवले. युरोपातल्या विज्ञानाने मात्र अशाच एका पाखराच्या बाबतीत नेमके उलट केले. बांधणाऱ्या नराचे कौतुक झाले आणि निवड करणाऱ्या मादीला अक्कल असू शकते हेच कित्येक वर्षे नाकारले गेले. त्या पाखराची ही कथा आहे.

हा पक्षी भारतात नाही. न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलिया हेच त्याचे घर. आपण त्याला कुंजपक्षी म्हणूया. त्याच्या साधारण सत्तावीस-अठ्ठावीस जाती आहेत. काही जातींत नर-मादी जोडीने राहून पिल्ले वाढवतात आणि कुंज वगैरे काही बांधत नाहीत. पण बहुतेक जातींत नर रानात जमिनीवर काटक्यांची एक वास्तू उभारतो. ते घरटे नव्हे. त्यात अंडी घातली जात नाहीत, पिल्ले वाढत नाहीत. ती केवळ मादीला भुलवण्याची जागा. नर तिच्यासमोर फुले, फळे, शिंपले, हाडे, किड्यांचे चमकते पंख अशी आरास मांडतो, नाचतो, नाना आवाज काढतो. मादी अनेक कुंज पाहून एकाची निवड करते. मीलन आटोपले की ती निघून जाते, दूर झाडावर स्वतः साधेसे वाटीसारखे घरटे बांधते आणि पिल्ले एकटीच वाढवते. नराचा संसाराशी संबंध इतकाच.

गोव्याच्या माणसाला ही आरास समजवायला फार शब्द लागू नयेत. चवथीला गणपतीच्या डोक्यावर आपण माटोळी बांधतो. सुपारीचे घड, नारळ, रानातली रंगीत फळे-फुले एकेक जागा पाहून लावतो, आणि गावात कोणाची माटोळी कशी सजली याची चर्चा पुढे दोन दिवस चालते. कुंजपक्ष्याच्या रानात अशी चर्चा करणारी फक्त मादी असते, आणि ती बोलत नाही, कौल देते.

या पक्ष्याच्या मुलुखाची ओळख युरोपला झाली त्यात आपल्या इतिहासाचाही एक धागा आहे. आफोंसो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतले आणि १५११ मध्ये मलाक्का. तिथून मसाल्यांच्या बेटांची वाट पोर्तुगिजांना मोकळी झाली. १५२६ साली जोर्ज द मेनेझिस हा मलाक्काहून मालुकू बेटांकडे निघालेला कप्तान वाऱ्याने पूर्वेला लोटला गेला आणि न्यू गिनीच्या वायव्य किनाऱ्याला लागला. पापुआंची बेटे हे नाव पोर्तुगिजांच्या नकाशांवर आले ते त्यानंतर. पुढे १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी चिटणीस असलेला डच तरुण यान फान लिन्सखोतेन याने १५९६ साली आपले प्रसिद्ध प्रवासवर्णन छापले. त्या बेटांवरच्या एका पक्ष्याबद्दल त्याने लिहून ठेवले आहे. पोर्तुगीज त्याला सूर्यपक्षी म्हणत. तो सदैव आकाशात सूर्याकडे तोंड करून असतो, मेल्याखेरीज जमिनीवर उतरत नाही, त्याला पायच नसतात; आणि पुरावा काय, तर हिंदुस्थानात येणारी त्याची कातडी पाहा!

तो स्वर्गपक्षी. पापुआतले लोक त्याची कातडी काढून वाळवताना पाय छाटून टाकत आणि व्यापारी ती तशीच पुढे विकत. लिनीयसने १७५८ साली त्याच्या एका जातीला शास्त्रीय नाव दिले तेही ‘बिनपायांचा’ अशा अर्थाचे. ही गंमत इथे सांगण्याचे कारण असे, की न्यू गिनीचे पक्षी जगाला शेकडो वर्षे असेच भेटत राहिले. कातडी मिळाली, पक्षी दिसला नाही. तो कुठे राहतो, काय करतो, कोणासाठी नटतो, हे बाजारात आलेले पीस सांगू शकत नव्हते. कुंजपक्ष्याच्या बाबतीत तर ही अडचण दुप्पट, कारण त्याचे खरे सौंदर्य त्याच्या अंगावर नसतेच. ते रानात मांडून ठेवलेले असते.

ऑस्ट्रेलियातला कुंज प्रथम उजेडात आला. सुरुवातीच्या गोऱ्या वसाहतकारांना काटक्यांच्या या रचना तिथल्या मूळ रहिवाशांनी मुलांच्या खेळासाठी केल्या असाव्यात असे वाटे, असे सांगतात. १८३८ साली लंडनचा पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड आपली चित्रकार पत्नी एलिझाबेथ हिच्यासह ऑस्ट्रेलियात पोचला. सिडनीच्या संग्रहालयात त्याच्या मेहुण्याने, चार्ल्स कॉक्सनने दिलेला एक कुंज त्याने पाहिला आणि मग स्वतः रानात जाऊन खात्री करून घेतली. ते काम होते साटिन कुंजपक्ष्याचे. सात वर्षांचा होईतो या जातीचा नर मादीसारखाच हिरवट दिसतो, नंतर त्याला निळसर-काळी झळाळी येते. काटक्यांच्या दोन समांतर भिंती, मधे अरुंद वाट, आणि तोंडाशी निळ्या वस्तूंचा पसारा. गूल्डने कुंज इंग्लंडला नेले, त्यांतला एक ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवला गेला. हे घरटे नाही, भेटीची जागा आहे, असे त्याने ठामपणे मांडले.

गूल्डने नोंदलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. एका कुंजाशी त्याला दगडाची घडीव छोटीशी कुऱ्हाड आणि निळ्या कापडाच्या चिंध्या सापडल्या. मूळ रहिवाशांच्या सोडून गेलेल्या मुक्कामावरून पाखराने त्या उचलल्या असाव्यात. आणि त्या रहिवाशांना ही सवय पुरती माहीत होती. रानात एखादी लहान वस्तू हरवली की ते कुंज शोधत जात. म्हणजे ज्या ‘शोधा’ची नोंद लंडनमध्ये झाली, तो शोध त्या रानातल्या माणसांच्या रोजच्या व्यवहाराचा भाग होता. ‘शोध लागला’ या शब्दांत कोणाला लागला हे कधीच सांगितलेले नसते. गोव्याच्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको, कारण आपल्या किनाऱ्याचाही असाच ‘शोध’ लागला होता.

आता मुख्य वादाकडे येऊ. १८७१ साली डार्विनचे माणसाच्या उत्पत्तीवरचे पुस्तक निघाले. मोराच्या पिसाऱ्यासारख्या गोष्टी जगण्याला मदत करत नाहीत, उलट अडथळाच करतात, मग त्या का टिकल्या? डार्विनचे उत्तर असे, की माद्यांना त्या आवडतात. पिढ्यानुपिढ्या माद्यांनी निवड केली म्हणून नर सुंदर झाले. पशुपक्ष्यांनाही सौंदर्याची आवड असते, हे सांगताना त्याने कुंजपक्ष्याचे उदाहरण मोठ्या विश्वासाने दिले. पिसारा आपोआप उगवतो असे म्हणता येईल, पण रंग पाहून वस्तू गोळा करणे आणि मांडणे याला आवडीशिवाय दुसरे काय म्हणणार?

हे उत्तर त्या काळाला रुचले नाही. मादीची लहर ही चंचल, मग तिच्यातून इतके नेमके आणि स्थिर सौंदर्य कसे घडेल, असा आक्षेप निघाला. त्या काळच्या इंग्लंडात बायकांना मताचा अधिकार नव्हता, विद्यापीठाची पदवी मिळणे दुरापास्त होते. तिथे पाखराच्या मादीच्या पसंतीने सृष्टीचे रूप बदलते हे म्हणणे विद्वानांच्या गळी उतरणे कठीणच होते. पण सर्वांत वजनदार विरोध आला तो डार्विनच्या जोडीदाराकडून, आल्फ्रेड रसेल वॉलेसकडून.

वॉलेसच्या आयुष्यातला एक योगायोग इथे सांगितलाच पाहिजे. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचे उत्क्रांतीवरचे लेखन एकत्र वाचले गेले. त्या दिवशी वॉलेस होता न्यू गिनीच्या वायव्य टोकाला, डोरे या बंदरात. घोट्याला जखम होऊन ती चिघळली होती, ताप आणि आजारांनी त्याची माणसेही खंगली होती, त्यांतला एक दगावला. समोर आर्फाक डोंगर दिसत होते, पण चढून जाणे शक्य नव्हते. जुलैअखेर तो परतला. ज्या डोंगरात कुंजपक्ष्यांमधला सर्वांत अजब कारागीर राहतो, त्याच्या पायथ्याशी हा माणूस काही महिने पडून होता. त्याने तो कुंज पाहिला असता तर त्याचे मत बदलले असते असा दावा कोणी करू नये. १८८९ साली ‘डार्विनिझम’ हे पुस्तक लिहिताना त्याने मादीच्या सौंदर्यदृष्टीची कल्पना नाकारलीच. नराचा भपका हा त्याच्या अंगातल्या जोमाचा परिणाम, असे तो म्हणे.

त्या डोंगरात पोचला तो फ्लॉरेन्सचा ओदोआर्दो बेक्कारी. हा मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. सुमात्रातले ते प्रचंड दुर्गंधी सुरणफूल १८७८ मध्ये शास्त्राच्या नजरेस आणणारा तोच. १८७२ साली तो न्यू गिनीत येऊन गेला होता. १८७५ मध्ये पुन्हा आला आणि आर्फाकच्या चढावर त्याला एक झोपडी दिसली, पण माणसाने बांधलेली नव्हे. मधे लहान झाडाचा खांब, त्याभोवती ऑर्किडच्या बारीक काड्यांचे उतरते छप्पर, पुढे दार, आणि दारात स्वच्छ हिरव्या शेवाळाचे अंगण. अंगणात फुले, फळे, रंगीत किडे मांडलेले. फूल कोमेजले की पक्षी ते उचलून झोपडीमागे फेकतो आणि ताजे आणतो. छप्परासाठी निवडलेल्या ऑर्किडच्या काड्या तोडल्यावरही बराच काळ ताज्या राहतात, हे वनस्पतिशास्त्रज्ञाच्याच लक्षात यायचे.

आणि हे सारे करणारा पक्षी? साधा तपकिरी. ना तुरा, ना रंग. १८७१ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले होते तेही ‘अनलंकृत’ या अर्थाचे. बेक्कारीबरोबरच्या शिकाऱ्यांनी मात्र त्याला आधीच चपखल नाव दिले होते. मलय भाषेत ते त्याला ‘तुकांग कबून’ म्हणत, म्हणजे माळी. कातडीवरून नाव ठेवणाऱ्या संग्रहालयाला तो अनलंकृत वाटला, रानात राहणाऱ्याला तो बागाईतदार वाटला. दोन्ही नावे एकाच पाखराची. कोण कुठे उभा राहून पाहतो त्याचा हा फरक.

कातडी आणि रान यांतले हे अंतर पुढच्या प्रकरणात आणखी वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर पिसे लावायची फॅशन होती आणि न्यू गिनीतून हजारो पक्ष्यांची कातडी बाहेर जात होती. १८९५ साली लंडनचे धनाढ्य संग्राहक वॉल्टर रॉथशिल्ड यांनी व्यापाऱ्यांकडून आलेल्या कातड्यांवरून सोनेरी तुऱ्याच्या एका कुंजपक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पण हा पक्षी न्यू गिनीत नेमका कुठला? व्यापाऱ्यांना ठाऊक नव्हते. मोहिमांमागून मोहिमा गेल्या. पुढे उत्क्रांतिशास्त्रातले मोठे नाव झालेला एर्न्स्ट मायर १९२८ मध्ये तरुणपणी न्यू गिनीत गेला, तो अशाच हरवलेल्या पक्ष्यांच्या मागावर. त्यालाही हा सापडला नाही. १९२१ साली इंग्लंडने पिसांच्या आयातीवर बंदीचा कायदा केला, बाजार बसला, तरी पक्ष्याचा पत्ता नाही. अखेर १९७९ मध्ये जॅरेड डायमंड हे अमेरिकन शास्त्रज्ञ उत्तरेकडच्या फोजा डोंगरात उतरले आणि तिथे त्यांना तो सोनेरी तुरा दिसला. चोचीत निळे फळ धरून नर मादीपुढे आर्जव करत होता. कातडी मिळाल्यापासून ८४ वर्षांनी! २००५ च्या अखेरीस अमेरिकन आणि इंडोनेशियन शास्त्रज्ञांची मोहीम तिथे गेली तेव्हा त्याचे पहिले फोटो निघाले. या मोहिमेसोबत त्या जंगलावर वडिलोपार्जित हक्क असलेल्या क्वेर्बा आणि पापासेना जमातींची माणसे होती.

दरम्यान मूळ प्रश्न, म्हणजे मादी खरोखर निवड करते का, हा प्रयोगाच्या मैदानात आला होता. १९५६ मध्ये थॉमस गिलियर्ड यांनी एक सुरेख गोष्ट दाखवून दिली. ज्या जातीत नर अंगाने भडक, तिथे कुंज साधा. आणि जिथे नर फिका, तिथे कुंज वैभवी. जणू अंगावरचा दागिना उतरवून अंगणात मांडला. मग जेराल्ड बोर्जिया यांनी ऑस्ट्रेलियात साटिन पक्ष्यांच्या कुंजांतून सजावट काढून घेतली. त्या नरांना माद्या कमी मिळाल्या. नर एकमेकांची निळी पिसे चोरतात आणि एकमेकांचे कुंज मोडतात हेही नोंदले गेले. पुढे गेल पॅट्रिसेली यांनी मादीच्या रूपाचे यंत्रपाखरू बनवून कुंजात बसवले. २००२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की मादी बिचकली तर शहाणा नर आपल्या नाचाचा आवेश कमी करतो. ज्यांना हे जमते त्यांना यश अधिक. म्हणजे नुसता जोम दाखवून भागत नाही, समोरच्याचे मन ओळखावे लागते. कुंजाच्या दोन भिंतींचा एक उपयोगही बोर्जिया यांनी सुचवला. मादी आत उभी असते तोवर नर तिच्यावर एकदम झडप घालू शकत नाही आणि नको वाटल्यास ती निसटू शकते. कुंज म्हणजे सापळा नव्हे, तिच्या नकाराला ठेवलेली मोकळी वाट.

२०१० मध्ये जॉन एंडलर आणि सहकाऱ्यांनी उत्तर ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या कुंजपक्ष्याबद्दल लिहिले. हा पक्षी आपल्या अंगणात दगड, शिंपले, हाडे मांडताना लहान वस्तू जवळ आणि मोठ्या दूर ठेवतो. मधल्या वाटेत उभ्या मादीला त्यामुळे दृष्टिभ्रम होतो. शास्त्रज्ञांनी हा क्रम उलटा करून ठेवला, तर पाखराने थोड्याच दिवसांत तो पुन्हा आपल्यासारखा लावला. चित्रकार ज्याला यथार्थदर्शन म्हणतात त्याच्या जवळ जाणारी ही कारागिरी.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे निरीक्षण डायमंड यांचे. बेक्कारीच्या त्या तपकिरी माळ्याचीच जात आर्फाकच्या दक्षिणेकडच्या फाकफाक आणि कुमावा डोंगरात आहे. पण तिथले नर झोपडी बांधतच नाहीत. काटक्यांचा उघडा मनोरा उभा करतात आणि सजावटीला काळ्या-तपकिरी वस्तू निवडतात. डायमंड यांनी रंगीत पोकरच्या चकत्या पुढे ठेवून पाहिल्या. झोपडी बांधणाऱ्यांनी आवडीचे रंग, विशेषतः निळा, उचलून नेले; कुमावाच्या पाखरांनी त्या अंगणाबाहेर काढल्या. एकच जात, पण डोंगर बदलला की रीत बदलते. हे सारे जन्मजात असते की काही शिकण्यातून येते, यावर १९८६ पासून चर्चा चालू आहे. तरुण नर वर्षानुवर्षे जाणत्या नरांच्या कुंजांशी घुटमळत, कच्चे कुंज बांधत बसतात, एवढे मात्र पाहिले गेले आहे.

हे खरे असेल तर जंगल तुटण्याचा अर्थ बदलतो. एखादी जात नष्ट झाली तर आपण हळहळतो, तिची नोंद होते. पण एखाद्या डोंगरावरची रीत नष्ट झाली आणि जात मात्र दुसऱ्या डोंगरावर टिकली, तर कोणत्याच यादीत ती हानी दिसणार नाही. संग्रहालयातली कातडी दोन्ही डोंगरांची सारखीच दिसेल. बोली मरतात तशीच ही गोष्ट आहे. भाषेच्या नावाने शिरगणतीत आकडा कायम राहतो आणि एका वाड्यावरची बोलण्याची ढब मुकाट्याने संपून जाते.

आर्फाकच्या चढावर आज हातम लोक पक्षी पाहायला येणाऱ्यांना कुंज दाखवतात आणि जंगल उभे राहण्यात त्यांना कमाईही दिसते. ऑस्ट्रेलियात साटिन पक्ष्याच्या अंगणात आता निळी पिसे कमी आणि निळी झाकणे, चिमटे, स्ट्रॉ अधिक. दुधाच्या बाटलीचे निळे प्लास्टिकचे कडे गळ्यात अडकून पाखरे मरतात, म्हणून ते कापूनच टाकावे असे तिथल्या लोकांना सांगितले जाते. आपल्या कचऱ्यातूनही तो आवडीचा रंग निवडतो, यात त्याचा दोष नाही.

डार्विनचे म्हणणे आज बरेचसे मान्य झाले आहे. मादीच्या पसंतीला शास्त्रात मानाची जागा मिळायला शंभरएक वर्षे लागली. पण या साऱ्या इतिहासात चित्रे निघाली कुंजाची, कुंज मोजले गेले आणि संग्रहालयात गेले तेही कुंजच. ज्या घरट्यात खरोखर पुढची पिढी वाढते, ते तिने एकटीने बांधलेले चार काटक्यांचे घरटे दूर कुठे पानांआड असते, आणि त्याला सजावट नसते. आपल्या भाषेला सुगरण हा शब्द तिच्यासाठी वापरायला हरकत नाही.